नवें यंत्र, जुना न्याय

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : मुलानें अथवा मुलीनें पुढें काय व्हावें? डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी अधिकारी, फार तर वकील, अशा चार मळलेल्या वाटा वडील माणसांच्या डोळ्यांपुढें असतात, आणि पाल्याचें कल्याण त्यांपैकींच एकीवर आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ह्या समजुतीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पोटाची चिंता ही कांहीं लाजिरवाणी गोष्ट नव्हे. परंतु कांहीं धंदे असे असतात कीं, विद्यार्थी शाळेंत असतो तेव्हां त्यांचें नांवहि कोणास ठाऊक नसतें, आणि तो पदवीधर होऊन बाहेर पडतो तेव्हां जगास त्यांचीच निकड लागलेली असते. इंटरनेटच्या आरंभकाळीं त्यासंबंधींच्या कायद्यास ज्यांनीं स्वतःस वाहून घेतलें त्या वकिलांचा धंदा अशांपैकींच एक होय. त्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें चार शब्द ठेवावे असें आम्हीं योजिलें आहे.

'सायबर कायदा' हे शब्द कानीं पडले कीं लोकांच्या मनापुढें दोनच चित्रें उभीं राहतात : बँकेच्या खात्यांतून पैसे लांबविणारा भामटा, आणि खोट्या नांवानें एखाद्या मुलीचा छळ करणारा दुष्ट. ह्या क्षेत्रांतील वकील म्हणजे असल्या चोरांस शिक्षा देवविणारा किंवा त्यांस युक्तीनें सोडविणारा मनुष्य, असा सामान्य ग्रह आहे. हें कामहि आवश्यक आहे, ह्यांत शंका नाहीं. तथापि आमचें मत असें आहे कीं, ह्या धंद्याचें पहिलें कर्तव्य जुन्या न्यायाचें नव्या ठिकाणीं रक्षण करणें हें होय. आणि त्यासाठीं यंत्राच्या ज्ञानाइतकीच, किंबहुना त्याहूनहि अधिक, भाषेची, इतिहासाची व धैर्याची गरज लागते. ज्यानें ही वाट सर्वांच्या आधीं चोखाळली अशा एका वकिलाचा वृत्तांत पाहिला म्हणजे हें मत वाचकांसहि पटेल अशी आम्हांस आशा आहे.

माइक गॉडविन ह्यांचा जन्म १९५६ सालीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत झाला. ऑस्टिन शहरींच्या टेक्सास विद्यापीठांत त्यांनीं आधीं साहित्यादि विषयांचा अभ्यास केला, व कांहीं वर्षांनीं तेथेंच कायद्याचा. कायद्याचे विद्यार्थी असतांनाच ते 'डेली टेक्सन' ह्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे संपादक झाले. म्हणजे भाषा व वृत्तपत्र ह्यांची तालीम त्यांस प्रथम मिळाली, आणि वकिली मागाहून आली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. संगणक हा त्यांचा छंद होता. त्या काळीं आजचें वेब लोकांच्या हातीं आलें नव्हतें. एखाद्या हौशी माणसानें आपल्या घरीं किंवा दुकानीं एक संगणक टेलिफोनच्या तारेस जोडून ठेवावा, आणि इतरांनीं आपापल्या घरून त्यास फोन लावून त्यावर पत्रें व मजकूर लिहावा, अशी व्यवस्था असे. ह्या व्यवस्थेस 'बुलेटिन बोर्ड' म्हणत. आमच्याकडील गांवच्या चावडीसारखेंच तें एक स्थळ होतें. भिंती मात्र दिसत नसत.

१ मार्च १९९० रोजीं ह्या चावडीवर अकस्मात् धाड पडली. अमेरिकेची 'सीक्रेट सर्व्हिस' म्हणून जें सरकारी खातें आहे, त्याच्या अंमलदारांनीं ऑस्टिनमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्स नांवाच्या एका लहानशा कंपनीची झडती घेतली. ही कंपनी खेळ व खेळांचीं पुस्तकें छापून विकीत असे. तिच्या एका नोकराविषयीं खात्यास संशय होता. खुद्द कंपनीवर कोणताहि आरोप नव्हता, व पुढेंहि ठेवण्यांत आला नाहीं. असें असतां अंमलदारांनीं कंपनीचे संगणक उचलून नेले. त्यांत छापण्याच्या बेतांत असलेल्या एका पुस्तकाचा मजकूर होता, आणि कंपनीच्या बुलेटिन बोर्डावर आलेलीं लोकांचीं खासगी पत्रेंहि होतीं. त्यांपैकीं १६२ पत्रें तर ज्यांस लिहिलीं होतीं त्यांनीं उघडून पाहिलींहि नव्हतीं. कित्येक महिने तें सामान परत मिळालें नाहीं, आणि कंपनीस आपल्या कांहीं नोकरांस घरीं बसवावें लागलें.

ह्या प्रकारांतील अन्याय समजण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. एखाद्या छापखान्यांतील खिळेजुळाऱ्याविषयीं पोलिसांस संशय आला म्हणून त्यांनीं छापखान्याच्या खिळ्यांच्या पेट्या, अर्धवट जुळविलेलें पुस्तक व शेजारच्या टपालकचेरींतील पत्रांची थैलीहि गाड्यावर घालून नेली, तर कोणीहि मनुष्य 'हें काय चालविलें आहे?' असें विचारील. परंतु तीच गोष्ट संगणकाच्या पेटींत घडली तेव्हां पुष्कळांस ती दिसलीच नाहीं. छापखाना, पुस्तक व टपाल हीं तिन्हीं एकाच पेटींत होतीं, आणि अंमलदारांस मात्र केवळ एक पेटी दिसत होती! गॉडविन त्या वेळीं कायद्याचा अभ्यास संपवीत होते. त्यांनीं ह्या प्रकरणाची माहिती गोळा करून वृत्तपत्रांच्या नजरेस आणली. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मिच केपॉर, जॉन पेरी बार्लो व जॉन गिलमोर ह्यांनीं 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' ही संस्था काढली, आणि तिचे पहिले पगारी वकील म्हणून गॉडविन ह्यांची नेमणूक झाली. ज्या धंद्यास तोंपर्यंत नांव नव्हतें, त्यास त्या दिवसापासून निदान एक खुर्ची मिळाली.

ह्या संस्थेच्या पाठबळानें कंपनीनें सरकारवर दावा लावला. १९९३ च्या मार्च महिन्यांत न्यायाधीश सॅम स्पार्क्स ह्यांनीं कंपनीच्या बाजूनें निकाल देऊन पन्नास हजार डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई व वकिलांचा खर्च देवविला. प्रकाशकाचा मजकूर व लोकांचीं सांठविलेलीं पत्रें ह्यांस कायद्याचें जें संरक्षण आहे, तें संगणकांतील मजकुरासहि आहे, असा त्याचा मथितार्थ होता. न वाचलेलीं पत्रें जप्त करणें म्हणजे तीं वाटेंतच पकडणें होय, हा वादीचा मुद्दा मात्र त्या न्यायालयानें मान्य केला नाहीं, व १९९४ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि तो फेटाळला. सर्वच मुद्दे एकदम पदरांत पडत नाहींत. ह्या धंद्यांत चिकाटीचें महत्त्व किती आहे हें ह्यावरून दिसून येईल.

पुढील प्रसंग पालकांच्या जिव्हाळ्याचा आहे. १९९५ च्या उन्हाळ्यांत 'टाइम' ह्या प्रसिद्ध साप्ताहिकानें इंटरनेटवरील अश्लीलतेविषयीं मुखपृष्ठावर गाजावाजा केला, आणि त्यास आधार एका विद्यार्थ्याच्या निबंधाचा घेतला. तो निबंध वाचून अमेरिकेंतील आईबाप घाबरले, व कायदेमंडळांतहि त्याचा दाखला देण्यांत आला. गॉडविन व इतर कांहीं अभ्यासक ह्यांनीं त्या निबंधाची कसून छाननी केली. तींत असें आढळून आलें कीं, प्रौढांसाठीं पैसे घेऊन चालविलेल्या खासगी बुलेटिन बोर्डांवरील आंकडे सर्व इंटरनेटच्या माथीं मारले गेले होते. थोड्याच आठवड्यांत त्याच साप्ताहिकास निबंधावरील आक्षेप छापावे लागले. परंतु भीति एकदां मनांत शिरली म्हणजे ती आंकडे खोटे ठरल्यानें जात नाहीं. ८ फेब्रुवारी १९९६ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांची सही होऊन एक कायदा अमलांत आला. अल्पवयी मुलांच्या दृष्टीस पडेल अशा रीतीनें 'असभ्य' अथवा 'उघड उघड किळसवाणा' मजकूर इंटरनेटवर ठेवणारास दोन वर्षांपर्यंत कैद, अशी त्यांत तरतूद होती.

आतां 'असभ्य' म्हणजे काय? वैद्यकाच्या पुस्तकांतील शरीराचें वर्णन असभ्य कीं नाहीं? रोगप्रतिबंधाची माहिती देणारें पत्रक, चित्रकलेचा उत्तम नमुना, एखादी थोर कादंबरी, ह्यांचें काय करावें? कायद्यांत उत्तर नव्हतें. अनेक संस्थांनीं मिळून ह्या कायद्यास आव्हान दिलें. त्यांत गॉडविन ह्यांची संस्था होती आणि ह्या लढ्यांत त्यांनीं स्वतः झटून काम केलें. २६ जून १९९७ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं. न्यायमूर्ति जॉन पॉल स्टीव्हन्स ह्यांनीं लिहिलेल्या त्या निकालाचें तात्पर्य असें कीं, मुलांचें रक्षण हा हेतु खरा व मोठा आहे, पण त्यासाठीं प्रौढांनीं वाचावयाच्या सर्व मजकुराचा गळा आवळण्याचा अधिकार सरकारास नाहीं. आणि जेथें पालकांच्या हातीं सौम्य उपाय आहेत तेथें तुरुंगाचा उपाय योजणें उचित नव्हे.

येथें कोणी पालक म्हणतील कीं, हें सारें ठीक आहे, पण आमच्या मुलांच्या हातांतील फोनचें काय? ही शंका रास्त आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, जें काम घरांत आईबापांनीं करावयाचें तें कायद्याच्या गळ्यांत बांधलें म्हणजे दोन्हीकडून नुकसान होतें. घर आपली जबाबदारी विसरतें, आणि कायदा ज्यांचा कांहीं अपराध नाहीं अशांच्या मानेवर बसतो. मोघम शब्दांचा कायदा हा आंधळ्याच्या हातीं दिलेल्या काठीसारखा आहे; ती कोणास लागेल ह्याचा नेम नसतो.

मोघम शब्दांचा हा अनुभव महाराष्ट्रास नवा नाहीं. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां कायद्यांतील एका शब्दाचा अर्थ न्यायमूर्ति स्ट्रेची ह्यांनीं 'सरकाराविषयीं प्रीतीचा अभाव' असा ज्युरीस समजावून दिला, आणि टिळकांस दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. एका शब्दाचा अर्थ सैल झाला कीं मनुष्य कसा तुरुंगांत जातो, हें आमच्या आजोबा-पणजोबांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. तरीहि स्वतंत्र भारतांत, माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्यांत, २००८ च्या दुरुस्तीनें ६६-अ हें कलम घालण्यांत आलें. संगणकावरून 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठविणें, अथवा खोटी आहे हें ठाऊक असतां 'त्रास' वा 'गैरसोय' व्हावी म्हणून एखादी माहिती पाठविणें, हा त्या कलमानें तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. गैरसोय कोणाची, आक्षेप कोणाचा, हें ठरविणें अर्थातच चौकीवरील अंमलदाराच्या हातीं गेलें.

त्याचा परिणाम आमच्या दाराशींच दिसला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे ह्यांचें निधन झालें, व दुसऱ्या दिवशीं मुंबईंत सर्व व्यवहार बंद राहिले. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील पालघर येथील एका तरुणीनें ह्या बंदविषयीं फेसबुकवर प्रश्न केला, आणि तिच्या मैत्रिणीनें त्यास पसंती दर्शविली. एवढ्यावरून पोलिसांनीं दोघींसहि अटक केली. तो मजकूर कोणास आवडो वा न आवडो. बोट लावून पसंती दर्शविणें हा जर अपराध, तर आमच्या शाळेंतील किती मुलें-मुली निरपराध ठरतील? ह्या प्रकारानें अस्वस्थ होऊन दिल्लीच्या श्रेया सिंघल ह्या एकवीस वर्षांच्या तरुणीनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ति चेलमेश्वर व न्यायमूर्ति नरीमन ह्यांनीं ६६-अ हें कलम संपूर्ण रद्द केलें. शब्द इतके मोघम आहेत कीं, काय केलें असतां गुन्हा होतो हें सामान्य माणसास कळूंच शकत नाहीं, हें त्यांच्या निकालांतील एक मुख्य कारण होय. त्या निकालांत अमेरिकेच्या १९९७ च्या निर्णयाचाहि विचार केलेला आहे. ऑस्टिन शहरांतील एका धाडीपासून ज्या विचारास चालना मिळाली, तो असा फिरत फिरत पंचवीस वर्षांनीं पालघरच्या मुलींच्या न्यायापर्यंत येऊन पोहोंचला!

परंतु निकाल लागला म्हणजे काम संपलें असें मानणारांनीं पुढची हकीकत ऐकावी. रद्द झालेल्या ह्या कलमाखालीं ठिकठिकाणीं खटले चालूच आहेत, हें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आणण्यांत आलें, तेव्हां न्यायालयानेंहि आश्चर्य व खेद प्रकट केला. शेवटीं १२ ऑक्टोबर २०२२ रोजीं, ह्या कलमाखालीं कोणावरहि खटला चालवूं नये, असा स्पष्ट आदेश द्यावा लागला. मेलेला कायदाहि चौकींतील वहींत सात वर्षें जिवंत राहूं शकतो! ज्या वकिलांनीं हें शोधून काढून न्यायालयापुढें मांडलें, त्यांच्या कामास वृत्तपत्रांत फारशी जागा मिळाली नाहीं. पण आमच्या मतें कायद्याच्या धंद्याचें भूषण अशाच कामांत आहे.

गॉडविन ह्यांच्या चरित्रांतील आणखी एक प्रसंग विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. २००७ ते २०१० पर्यंत ते विकिमीडिया फाउंडेशनचे मुख्य वकील होते. आमचे विद्यार्थी निबंध लिहितांना ज्या मराठी विकिपीडियाकडे धांव घेतात, तो २००३ पासून चाललेला ज्ञानकोश ह्याच संस्थेच्या छत्राखालीं आहे. २०१० सालीं अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. ह्या बलाढ्य तपासखात्यानें, आमच्या मुद्रेचें चित्र विकिपीडियावरून काढून टाका, असें पत्र पाठविलें व एका कायद्याचा आधार दाखविला. गॉडविन ह्यांनीं मूळ कायदा काढून पाहिला, तों खात्यानें उतरून घेतलेल्या वाक्यांतून बिल्ला व ओळखपत्र हे शब्द गळलेले आढळले! खोटे बिल्ले करून लोकांस फसविणारांसाठीं तो कायदा होता. ज्ञानकोशांतील चित्राशीं त्याचा संबंध नव्हता. त्यांनीं विनोदाची किंचित् फोडणी देऊन परंतु सभ्य भाषेंत नकाराचें उत्तर पाठविलें, आणि मुद्रा जागच्या जागीं राहिली. आमचे मराठीचे व संस्कृतचे गुरुजी 'वाक्य पुरें वाचा, मधला शब्द सोडूं नका' म्हणून जें कानीं कपाळीं ओरडतात, त्याचें फळ हें असें असतें.

आतां ह्याच गृहस्थांचें नांव जगांत सर्वतोमुखी झालें तें कोणत्याहि खटल्यामुळें नव्हे. १९९० सालीं त्यांनीं थट्टेनें एक नियम सांगितला : संगणकावरील वाद जितका लांबत जाईल, तितकी त्यांत कोणी तरी कोणाची तरी तुलना हिटलरशीं अथवा नाझींशीं करण्याची शक्यता निश्चिततेजवळ जाते. थट्टा असली तरी हेतु गंभीर होता. नाझींनीं लक्षावधि निरपराध माणसांचा संहार केला. त्यांचें नांव क्षुल्लक भांडणांत शिवीसारखें वापरल्यानें त्या भयंकर पापाची आठवण बोथट होते, हें त्यांस खुपत होतें. तुलना करूंच नये असें त्यांचें म्हणणें नव्हतें. विचार करून करावी, एवढेंच होतें. जो मनुष्य लोकांच्या वाणीच्या स्वातंत्र्यासाठीं आयुष्यभर झगडला, त्यानेंच सैल जिभेस हा चिमटा काढावा, ह्यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें. वाणीवर तुरुंगाचा पहारा नको. पण ज्याच्या त्याच्या विवेकाचा पहारा हवाच. पहिलें काम वकिलानें करावें, दुसरें प्रत्येकानें आपापलें करावें.

तेव्हां पालकांस आमची अशी विनंती आहे कीं, मुलगा अथवा मुलगी भाषा, इतिहास किंवा तर्क ह्यांत रमत असेल, तर 'ह्यानें पोट भरणार नाहीं' असें म्हणून त्यांस हिरमुसलें करूं नये. अशा संस्थांतील वकिलास मोठ्या कंपन्यांच्या वकिलाएवढा पैसा बहुधा मिळत नाहीं, हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. पण ज्याच्या श्रमानें लाखों लोकांस निर्भयपणें लिहितां येतें, त्याची मिळकत केवळ वहीखात्यांत मोजणें न्याय्य होणार नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या काळाचे प्रश्न ह्याहूनहि बिकट आहेत. यंत्र आज माणसाचा आवाज व चेहरा ह्यांची हुबेहूब नक्कल करीत आहे. तुमची खासगी माहिती ठिकठिकाणीं सांठत आहे. खरें कोणतें व खोटें कोणतें हें डोळ्यांस कळेनासें झालें आहे. उद्यां ह्या प्रश्नांवर कायदे होतील, आणि भयाच्या भरांत त्यांत मोघम शब्दहि शिरतील. त्या वेळीं 'हा शब्द येथें कां घातला? ह्याचा घाव कोणावर पडेल?' असें विचारणारा मनुष्य लागेल. त्याच्या धंद्यास आज कदाचित् नांवहि नसेल. परंतु त्याची तयारी मात्र आजच्या वर्गांतच होते : व्याकरणाच्या तासाला, इतिहासाच्या धड्यांत, आणि ज्याचें मत आपणांस मुळींच पटत नाहीं अशा सोबत्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेण्याच्या संवयींत. तुमच्यांतून असे दोघे-चौघे जरी निघाले, तरी शाळेचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.